देवाचे प्रतिरूप

ज्यू व ख्रिस्ती धर्मविचारातील संकल्पना. देवाने माणूस आपल्या प्रतिरूपात घडवला, हे विधान बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्याच ग्रंथात (१.२६-२७) येते. मूळ हिब्रू शब्द दोन : ‘त्सेलेम’ म्हणजे मूर्ती वा पुतळा आणि ‘देमूत’ म्हणजे सादृश्य. सिरियात टेल फेखेरिये येथे १९७९ मध्ये एका अधिपतीचा दगडी पुतळा सापडला. त्यावरील अरामी लेखात याच शब्दांची अरामी रूपे आहेत, तीही त्या पुतळ्यालाच उद्देशून. मेसोपोटेमिया व ईजिप्तमध्ये देवाची प्रतिमा म्हणवण्याचा मान बहुधा राजाचा. ‘उत्पत्ती’ने तो सरसकट स्त्री-पुरुषांना दिला. खरी उलथापालथ इथे आहे. मूर्ती घडवू नका म्हणणाऱ्या परंपरेने माणसालाच मूर्तीचा शब्द लावावा, हेही नवलच.

साम्य नेमके कशात, यावर एकमत नाही. ख्रिस्ती धर्मचिंतकांपैकी आयरेनियसने (दुसरे शतक) प्रतिरूप व सादृश्य यांत भेद केला. ऑगस्टीनने हे साम्य स्मृती, बुद्धी व इच्छा या त्रयीत शोधले.

मराठीत ‘उत्पत्ती’ची मानवनिर्मितीकथा फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणात (१६१६) ओवीबद्ध झाली. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे सोपे मराठी भाषांतर केले. महात्मा फुल्यांचा ‘निर्मिक’ (सृष्टिकर्ता)ही स्त्री-पुरुषांना समान लेखतो, मात्र तेथे भर प्रतिरूपावर नसून हक्कांवर आहे.