ठराव झाला, तरी लढा साडेपंधरा वर्षे का चालला?



तह झाला, सह्या झाल्या, युद्ध संपले, एवढेच आपण शाळेत पाठ करतो. पण तह टिकतो कशावर, हे कोणी शिकवत नाही.

ज्या युद्धातील शूरांना आपण १ जानेवारीला भीमा कोरेगाव येथे मानवंदना देतो, तेच युद्ध पाहा. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली आणि ३ जून १८१८ ला दुसरा बाजीराव जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. सात महिन्यांत सारे आटोपले. पुढे लढून हाती काही लागणार नाही, हे बाजीरावाला कळून चुकले होते. शिवाय वर्षाला ८ लाखांच्या पेन्शनचा शब्द देणाऱ्या कंपनीत तो पाळण्याची ताकद होती. १८५१ मध्ये बाजीराव मरेपर्यंत तो पाळलाही गेला. दत्तक पुत्र नानासाहेबाला मात्र पेन्शन नाकारली गेली आणि १८५७ मध्ये तोच नानासाहेब कानपूरला इंग्रजांविरुद्ध उभा राहिला. शब्द पाळला तोवर शांतता, शब्द संपला की पुन्हा लढाई.

आता नामांतराचा लढा याच कसोटीवर घासून पाहू. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव मंजूर केला. कागदावर विषय संपला. प्रत्यक्षात मराठवाड्यातील दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. हे दोन सैन्यांचे युद्ध नव्हते. एका बाजूला जाळणारे आणि दुसऱ्या बाजूला जळणारे होते. सरकारने ठराव मागे घेतला नाही आणि अमलातही आणला नाही.

हा लढा लांबला याची तीन कारणे आम्हाला दिसतात. पहिले, विलंबाची किंमत निर्णय घेणाऱ्यांना मोजावी लागत नव्हती. घरे वस्तीतली जळत होती, मंत्रालयातली नाही. दुसरे, वाद फक्त पाटीवरच्या नावाचा नव्हता. गावात कोण वर आणि कोण खाली, हा खरा वाद होता आणि असा वाद अर्धा-अर्धा वाटून मिटत नाही. तिसरे, ठरावामागे उभी राहणारी सत्ता नव्हती. मुख्यमंत्री बदलत गेले, ठराव तिथेच राहिला.

मग तो पुढे सरकला कसा? आपल्या माणसांनी थकायला नकार दिला म्हणून. नोव्हेंबर १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. रिसोडहून लोणार-मेहकरचा भाग ओलांडला की सिंदखेडराजाजवळ खडकपूर्णा नदी लागते. तिथे पोलिसांनी मार्च अडवला, लाठ्या चालवल्या, अटका केल्या. आम्ही विदर्भातले. विद्यापीठ आमच्या विभागातले नव्हते, तरी लढा आमचाच होता. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. अखेर १४ जानेवारी १९९४ ला 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' हे नाव मिळाले.

मागणी नामांतराची होती, मिळाला नामविस्तार. काहींना ती तडजोड वाटली. आम्हाला वाटते, तो विजय होता, पण अपुरा. नाव मिळाले; वस्ती पेटवणारी मानसिकता कोणत्याही ठरावाने संपलेली नाही.

म्हणूनच तरुण मित्रांनो, गावात अत्याचार झाला की "आपसात मिटवून टाका" म्हणणारे चारजण येतात, तेव्हा तीन प्रश्न विचारा. मिटवल्यावर आपल्या माणसाला नेमके काय मिळणार? दिलेला शब्द पाळला जाईल, याची हमी कोण घेणार? आणि तो मोडला, तर मोडणाऱ्याला काय भोगावे लागणार? उत्तरे नसतील, तर तो समेट नव्हे. दुबळ्याला गप्प बसवले की भांडण संपल्यासारखे दिसते, एवढेच. न्यायाशिवाय आलेली शांतता पुढच्या अत्याचाराला मोकळे रान देते.

जय भीम! नमो बुद्धाय!