रंग नसलेला कोई

कोई मासा म्हटलं की डोळ्यांसमोर येतात हौदातले गुबगुबीत, लाल-पांढरे मासे. चीन-जपानच्या जुन्या गुंडाळीचित्रांत मात्र दिसतो तो साधा, काळपट कार्प. रंगीबेरंगी कोई तसा अलीकडचाच. निइगाता भागातल्या भातशेतकऱ्यांनी खाण्यासाठी पाळलेल्या कार्पमधून तो एकोणिसाव्या शतकात निपजला आणि १९१४ च्या तोक्योच्या प्रदर्शनानंतर जपानभर गाजला.

मग त्या काळ्या माशाचं एवढं कौतुक कशाला? त्यामागे एक चिनी दंतकथा आहे. ह्वांग हो नदीवर लोंगमन, म्हणजे ड्रॅगनचा दरवाजा. तिथला प्रवाह चढून जो कार्प पलीकडे उडी मारेल, तो ड्रॅगन होणार. बाकीचे आपटून परत खाली! चीनमध्ये ही उडी म्हणजे सरकारी परीक्षा पास होणं. शेकडो वर्षं चाललेल्या त्या परीक्षांत पास होणारे मूठभर, आणि केस पांढरे होईपर्यंत बसणारेही असायचे. त्यामुळे असं चित्र म्हणजे नुसती शोभा नव्हे, घराण्याची आशाच भिंतीवर टांगलेली. परीक्षा बंद झाल्या १९०५ साली. चित्रं राहिली.

उभी, अरुंद गुंडाळी या विषयाला अगदी फिट बसते: पाणी वरून खाली, मासा खालून वर. मला सगळ्यात आवडतो क्योतोचा मारुयामा ओक्यो (१७३३-१७९५). प्रत्यक्ष बघून काढायचं, हा त्याचा हट्ट. त्याच्या एका चित्रात धबधबा म्हणजे जवळजवळ सरळ उभे पट्टे, आणि त्यांच्याआड वर चढणारा कार्प. ड्रॅगन त्याने काढलेलाच नाही.