हार्लेमचे तळघर आणि वारणेचे बूथ

संगणक जन्माला आला प्रयोगशाळेत, वाढला कचेऱ्यांत आणि बँकांत. वस्तीत तो आला फार उशिरा. वस्तीच्या गरजांसाठी संगणक वापरावा, त्याचे शिक्षण तेथेच द्यावे आणि पुढे इंटरनेटची सोयही तेथपर्यंत न्यावी, या विचाराला आता चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. या अवधीत कितीतरी ठिकाणी यंत्रे मोठ्या समारंभाने आली आणि काही वर्षांतच खोल्यांना कुलपे लागली. काही ठिकाणी मात्र काम रुजले. ते कशामुळे रुजले, हे समजून घेण्यास दोन ठिकाणांचा इतिहास उपयोगी पडतो. एक ठिकाण न्यूयॉर्क शहरातील हार्लेम, दुसरे कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर.

अँटोनिया स्टोन या न्यूयॉर्कच्या खासगी शाळांतून गणित शिकवीत असत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस लहान आकाराचे संगणक बाजारात आले आणि सधन घरांतील मुलांच्या हाती पडू लागले. ज्यांच्या घरी ते येण्याची शक्यताच नव्हती त्यांचे काय, हा प्रश्न स्टोनबाईंना अस्वस्थ करू लागला. १९८० मध्ये त्यांनी ‘प्लेइंग टू विन’ ही संस्था स्थापन केली. आरंभी संस्थेचे कार्य तुरुंगातील व तुरुंगातून सुटलेल्या व्यक्तींसाठी होते. पुढे १९८३ मध्ये पूर्व हार्लेममधील एका सरकारी गृहवसाहतीच्या तळघरात तिने संगणक केंद्र उघडले. कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोहून आलेल्या कष्टकरी कुटुंबांची ही वस्ती. इंटरनेट हा शब्दही तेव्हा सर्वसामान्यांच्या कानी पडलेला नव्हता. शाळकरी मुलाने तेथे यावे, तसेच नोकरीच्या शोधातील प्रौढानेही यावे आणि प्रत्येकाने आपले काम घेऊन यावे, अशी त्या केंद्राची रीत होती. ‘संगणक शिकवणे’ हा स्टोनबाईंचा हेतूच नव्हता. माणसाला जे साधायचे आहे ते त्याने संगणकाच्या आधारे साधावे, एवढाच त्यांचा आग्रह होता. ठरावीक पाठ्यक्रमाची सवय जडलेल्यांना हे सैल वाटेल, पण त्या तळघरापासूनच या चळवळीचा धागा पुढे गेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या साहाय्याने १९९० च्या दशकात अन्य शहरांतील केंद्रेही तिच्याशी जोडली गेली व त्यांचे देशव्यापी जाळे उभे राहिले.

१९९५ मध्ये अमेरिकी शासनाच्या अहवालाने इंटरनेटपासून वंचित राहिलेल्यांचा प्रश्न ऐरणीवर आणला आणि दशकाच्या अखेरीस अशा केंद्रांना सरकारी निधीही मिळू लागला. तो फार वर्षे टिकला नाही. निधी आटला तशी अनुदानावर उभी राहिलेली केंद्रे डळमळू लागली.

त्याच १९९५ च्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. तीनच वर्षांनी, १९९८ मध्ये, पंतप्रधानांनी नेमलेल्या माहिती तंत्रज्ञान कृतिदलाच्या पुढाकाराने ग्रामीण भागात एक प्रयोग करण्याचे ठरले आणि त्यासाठी वारणा खोरे निवडले गेले. ही निवड योग्य होती. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या सहकाराच्या जाळ्यात साखर कारखाना होता, दूध संघ होता, वारणा बझार होता, अभियांत्रिकी महाविद्यालयही होते. संगणक येण्यापूर्वीच तेथील शेतकरी एका मोठ्या संस्थेशी नोंदीने, हिशेबाने आणि विश्वासाने बांधलेला होता. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावे या प्रकल्पात घेण्यात आली. सुमारे अडीच कोटी रुपयांच्या खर्चात निम्मा वाटा केंद्र शासनाचा, चाळीस टक्के राज्य शासनाचा आणि उरलेला दहा टक्के वारणा समूहाचा. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या तांत्रिक मार्गदर्शनाखाली गावोगाव ५४ बूथ उभे राहिले.

योजनेची स्वप्ने भव्य होती. शेतीचा सल्ला, बाजारभाव, आरोग्य व शिक्षणाची माहिती, शासकीय योजना, इतकेच नव्हे तर सातबाराचा उताराही गावातल्या बूथवर मिळावा, असा संकल्प होता. प्रत्यक्षात बूथवर गर्दी होई ती एकाच गोष्टीसाठी, आणि ती म्हणजे ऊस.

याचे मर्म ऊसकऱ्यास सांगावे लागणार नाही. शेतकऱ्याने लागण केली की तिची तारीख आणि उसाची जात कारखान्याकडे नोंदवली जाते. त्या नोंदीवरून तोडणीचा क्रम ठरतो. नोंद चुकली किंवा मागे पडली तर तोड लांबते, उसाला तुरा येतो, वजन घटते आणि रान मोकळे न झाल्याने पुढचे पीकही हुकते. तेव्हा कारखान्याच्या दप्तरातील एक तारीख म्हणजे त्या घराचे वर्षाचे उत्पन्न. पूर्वी ती तारीख बरोबर लागली आहे की नाही, चिठ्ठी कधी निघणार, गाडीचे वजन किती भरले, खताची उचल किती कापली आणि बिल किती झाले, हे विचारायला सभासद दिवस मोडून कारखान्याच्या कार्यालयात जात असे. बूथ आल्यावर ही माहिती गावातच मिळू लागली, तीही छापील कागदावर. ज्याच्या नोंदीत चूक होती त्याला ती वेळेत दिसू लागली. प्रकल्पाच्या मूळ आराखड्याच्या मानाने हे यश लहान म्हणावे लागेल. पण ज्याचा ऊस रानात उभा वाळतो आहे, त्याच्या दृष्टीने यापेक्षा मोठे यश दुसरे नव्हते.

बाकीच्या सेवा मात्र फारशा रुजल्या नाहीत. दूरध्वनीच्या तारा बेभरवशाच्या होत्या, विजेची ओढाताण होती आणि संगणक जुने होत चालले होते. बाजारभाव किंवा पीकसल्ला वाचण्यासाठी बूथवर येणारा शेतकरी विरळाच. मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी २००० नंतरच्या दशकाच्या मध्यास वारणेची पाहणी केली, तेव्हा संगणकावर जे काम प्रत्यक्षात चालते ते साध्या मोबाईलच्या एस.एम.एस.वरही होऊ शकेल, हे त्यांच्या लक्षात आले. सात गावांत आठ महिने तसा प्रयोग झाला. संगणकावरील सर्व कामे मोबाईलने पार पाडली, खर्च कमी झाला आणि शेतकऱ्यांनाही ही रीत अधिक सोयीची वाटली. २००७ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. या अभ्यासकांपैकी केंटारो टोयामा यांनी पुढे २०१५ मध्ये ग्रंथ लिहून असे मांडले की, यंत्र स्वतः विकास घडवीत नाही. माणसांत आणि संस्थांत जी शक्ती आधीपासून असते ती ते वाढवते. वारणेत सहकाराची शक्ती होती, म्हणून ऊसनोंदीचे काम चालले. सातबारा देणारी यंत्रणा त्या सहकाराच्या हाती नव्हती. तेथे संगणक काय करणार?

याच काळात महाराष्ट्राने आणखी एक मार्ग चोखाळला. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली व २००२ मध्ये एम.एस.-सी.आय.टी. हा अभ्यासक्रम सुरू झाला. नवी इमारत बांधण्याऐवजी गावातील शाळा, महाविद्यालये आणि खासगी क्लास यांनाच अधिकृत केंद्रे म्हणून जोडण्यात आले. मराठीतून संगणक शिकता येऊ लागला. लक्षावधी तरुण-तरुणींनी तो शिकला आणि शासकीय नोकरीसाठी लागणारे प्रमाणपत्र मिळवले. या शिक्षणाचा लाभ मुख्यतः व्यक्तीच्या पदरी पडला, वस्तीच्या नव्हे, असा आक्षेप घेता येईल आणि तो अगदीच निराधार नाही. परंतु त्यामुळे गल्लोगल्ली संगणकाचा जाणकार असा एक मनुष्य निर्माण झाला, ही जमेची बाजू दुर्लक्षून चालणार नाही.

हा मनुष्य किती मोलाचा, हे २०१७ मध्ये दिसून आले. राज्य शासनाने जाहीर केलेल्या शेतकरी कर्जमाफीचा अर्ज ऑनलाईनच भरावयाचा होता. एव्हाना बहुतेक घरांत मोबाईल पोहोचला होता. तरीही सेवा केंद्रांपुढे नवरा-बायकोच्या जोडीने रांगा लागल्या, सर्व्हर मंदावला, आणि गावोगावचे केंद्रचालक रात्री उशिरापर्यंत अर्ज भरीत बसले. पुढच्याच वर्षी, १ मे २०१८ रोजी, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा राज्यात ऑनलाईन मिळू लागला. वारणेच्या बूथवर तो देण्याचा संकल्प झाल्याला तेव्हा वीस वर्षे झाली होती.