चारशे दोन अंकांचे व्रत

महाराष्ट्राच्या वाङ्मयीन इतिहासात १८८१ ह्या वर्षाला जे महत्त्व प्राप्त झाले आहे, ते बहुतांशी प्रौढांच्या जागृतीमुळे प्राप्त झाले आहे. वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात पुण्यास ‘मराठा’ आणि ‘केसरी’ ही दोन पत्रे अवतीर्ण झाली, आणि सात वर्षे एकट्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या लेखणीवर चाललेली ‘निबंधमाला’ ८४ अंक पुरे करून त्याच वर्षी विराम पावली. ह्या थोर घटनांच्या प्रकाशात त्याच साली मुंबईत निघालेले एक लहानसे मासिक सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. राजकारण वा समाजसुधारणा ह्यांच्याशी त्याचा प्रत्यक्ष संबंध नव्हता; दहाबारा वर्षांच्या मुलांनी घरी बसून, परीक्षेचे दडपण नसताना, आवडीने वाचावे एवढीच त्याची आकांक्षा होती. ते मासिक म्हणजे ‘बालबोध’, आणि त्याचे कर्ते विनायक कोंडदेव ओक. मराठी बालवाङ्मयाचे जनकत्व कोणास द्यावे ह्याविषयी अभ्यासकांत मतभेद असोत. परंतु मूल हा एक स्वतंत्र वाचक आहे आणि त्याच्या जिज्ञासेला विषयाची मर्यादा नाही, ही गोष्ट मराठीत प्रथम ज्यांनी प्रत्यक्ष कृतीने सिद्ध केली ते ओकच होत, असे माझे निश्चित मत आहे.

त्यांच्यापूर्वी मुलांसाठी मराठीत काही नव्हते असे नाही. एल्फिन्स्टनसाहेबाच्या अमदानीत मुंबईस जी शाळापुस्तक मंडळी स्थापन झाली, तिच्या आश्रयाने सदाशिव काशीनाथ उर्फ बापू छत्रे ह्यांनी १८२८ साली ‘बाळमित्र’ आणि ‘इसपनीतिकथा’, व पुढे १८३० साली ‘वेताळपंचविशी’ अशी पुस्तके सिद्ध केली. त्यांपैकी ‘बाळमित्र’ हे बर्किन नामक फ्रेंच ग्रंथकाराच्या पुस्तकावरून इंग्रजीच्या द्वारे आपल्याकडे आले. पुढे शिक्षणखाते स्थापन झाल्यावर मेजर कँडी ह्यांच्या करड्या नजरेखालून क्रमिक पुस्तके निघू लागली, आणि १८७३ पासून अमेरिकन मिशनचा ‘बालबोधमेवा’ मुलांच्या हाती पडू लागला. ह्या सर्व उद्योगाचे ऋण मान्य करूनही म्हणावे लागते, की खात्याच्या दृष्टीने मूल हा विद्यार्थी होता आणि मिशनऱ्यांच्या दृष्टीने तो धर्मोपदेशाचा विषय होता. केवळ वाचक म्हणून त्याच्याकडे पाहण्यास कोणासच सवड झालेली नव्हती.

ओकांचा जन्म १८४० साली गुहागर तालुक्यातील हेदवी येथे झाला. इंग्रजी विद्येचा रीतसर लाभ त्यांना मिळाला नाही. ती भाषा त्यांनी स्वतःच्या परिश्रमाने आत्मसात केली आणि शिक्षणखात्यात चाकरी केली. ज्याने ज्ञान असे कष्टाने मिळवलेले असते, त्याला ते दुसऱ्यास देताना कोणती पायरी उंच आहे आणि कोठे हात धरावा लागतो हे ठाऊक असते. ओकांच्या लेखनातील प्रसन्न सुबोधतेचे मूळ मला ह्या स्वाध्यायात दिसते. विद्यापीठाची पदवी घेऊन बाहेर पडलेल्या त्या काळच्या अनेक विद्वानांस आपली विद्वत्ता वाक्यावाक्यांतून प्रकट करण्याचा मोह आवरत नसे. ओकांना तो मोह झालेला दिसत नाही.

‘बालबोधा’ची रचना पाहिली म्हणजे ह्या मनुष्याच्या कल्पकतेची खरी ओळख पटते. प्रत्येक अंकात एक चरित्र, एक कविता, एक निबंध आणि एक शास्त्रीय विषयावरील लेख द्यावयाचा, आणि उरलेल्या जागेत किरकोळ मजकूर घालावयाचा, असा त्यांचा परिपाठ होता. तो त्यांनी १८८१ पासून १९१४ साली मृत्यूने लेखणी हातातून काढून घेईपर्यंत, सुमारे साडेतेहतीस वर्षे, चालविला. ह्या अवधीत त्यांच्या हातून ४०२ चरित्रे, ४०२ कविता, ४०२ निबंध आणि ४०२ शास्त्रीय लेख लिहून झाले. ‘निबंधमाले’चे ८४ अंक एका हाताने लिहिल्याबद्दल आपण शास्त्रीबोवांचा यथार्थ गौरव करतो, मग त्याच्या जवळजवळ पाचपट अंक, आणि तेही चार भिन्न प्रकृतींच्या लेखनांनी भरलेले, एका हाताने सिद्ध करणाऱ्या पुरुषाचे नाव वाङ्मयाच्या इतिहासात दोन ओळींत का आटोपावे?

संख्येपेक्षाही त्या योजनेतील विवेक मला अधिक मोलाचा वाटतो. चरित्राने मुलाला देशांतरीचा आणि कालांतरीचा मनुष्य भेटतो, निबंधाने त्याला विचार करण्याची रीत समजते, शास्त्रीय लेखाने भोवतालच्या सृष्टीतील कार्यकारणभाव उलगडतो, आणि कवितेने हे सर्व ग्रहण करणारे मन कोरडे पडत नाही. हा क्रम ओकांनी कोणत्या बालमानसशास्त्राच्या ग्रंथावरून घेतला असेल असे संभवत नाही, कारण त्या शास्त्राचा युरोपातही तेव्हा नुकता उदय होत होता. रशियाचा पीटर बादशहा, अमेरिकेचा लिंकन, इंग्लंडचा मुत्सद्दी ग्लॅडस्टन अशा नाना देशींच्या पुरुषांची चरित्रे ओकांनी मराठीत आणली. ज्या काळी कोकणातील खेड्यातल्या मुलाचे जग पंतोजीची शाळा, देवळातील पुराण आणि शेजारच्या गावची जत्रा एवढ्यातच सामावलेले असे, त्या काळी लाकडे फोडून पोट भरणारा एक मुलगा पुढे एका विशाल राष्ट्राचा अध्यक्ष होतो ही हकीकत मायबोलीत वाचावयास मिळणे ही सामान्य गोष्ट नव्हती.

भाषेच्या बाबतीतही त्यांनी स्वतःची वाट शोधली. त्या काळच्या प्रतिष्ठित गद्यावर एका बाजूने इंग्रजी वाक्यरचनेची आणि दुसऱ्या बाजूने संस्कृत समासांची छाया होती. ओकांनी मात्र घरात बोलली जाते तिच्या जवळची, तरीही शिष्ट, अशी मराठी पत्करली. मुलांसाठी सोपे लिहिणे म्हणजे अर्थ पातळ करणे अशी समजूत आजही आढळते; तिचे निराकरण करण्यास ‘बालबोधा’तील शास्त्रीय लेखांसारखे दुसरे साधन नाही.

ह्या उद्योगाला ‘निर्णयसागरा’चा आधार लाभला, हे महाराष्ट्रातील मुलांचे भाग्य. त्या छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी हे स्वतः फारसे शिकलेले नव्हते. बालवयात अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्याच्या कामावर लागलेला हा मुलगा १८६४ साली स्वतःचा टाइपांचा कारखाना काढतो आणि १८६९ साली छापखाना उभारतो, हे चरित्र ‘बालबोधा’त शोभण्यासारखेच आहे. देवनागरीची जुळणी हे फार जिकिरीचे काम. काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे मिळून कंपोझिटरापुढे शेकडो घरांच्या केसी मांडाव्या लागतात. जावजींच्या पदरी राणोजी रावजी आरू ह्यांच्यासारखा कसबी कारागीर होता, आणि त्याने घडविलेल्या अक्षरांचे वळण इतके सुरेख होते, की संस्कृत ग्रंथांच्या मुद्रणात ‘निर्णयसागरा’चा लौकिक परदेशी पंडितांपर्यंत पोचला. वेदान्ताच्या पोथ्यांसाठी जी काळजी घ्यावयाची तीच मुलांच्या मासिकासाठीही घ्यावी, असे वाटणाऱ्या मालकाची दृष्टी मला ओकांच्या दृष्टीइतकीच आदरणीय वाटते.

मासिकाबाहेरही ओकांची लेखणी स्वस्थ नव्हती. ‘मधुमक्षिका’, ‘लघुनिबंधमाला’, ‘महन्मणिमाला’, हिंदुस्थानचा संक्षिप्त इतिहास अशी पुष्कळ पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. पण त्या सर्वांत ‘शिरस्तेदार’ ही छोटीशी कादंबरी अगदी वेगळी उठून दिसते. कचेरीतील लाचलुचपत हा तिचा विषय. कारकुनापासून शिरस्तेदारापर्यंतची अमलदारांची साखळी, रयतेची अर्जी पुढे सरकावी म्हणून द्यावी लागणारी दस्तुरी, ह्या गोष्टी तेव्हा घरोघर सर्वांच्या अनुभवाच्या होत्या. तथापि अद्भुत राजपुत्रांच्या कादंबऱ्यांची चलती असताना सरकारी दप्तरातील दुराचाराला कथेचा विषय करणे ह्यास धैर्य लागत असे, आणि खुद्द सरकारी चाकरीचा अनुभव असलेल्या लेखकाने ते करणे ह्यास अधिकच. मुलांना सदाचार शिकविणाऱ्या लेखकाने मोठ्यांनाही आरसा दाखविला, ही सुसंगती मला फार महत्त्वाची वाटते.

ओकांच्या मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. बोध करण्याचा त्यांचा हव्यास मोठा होता; मुलांचा निव्वळ खोडकरपणा, निरर्थक शब्दांच्या खेळातील आनंद, पोट धरून हसविणारा विनोद ह्यांना त्यांच्या लेखनात फारसा वाव मिळाला नाही. इंग्रजी राज्याविषयीची त्यांची निष्ठाही आजच्या वाचकास खटकेल. त्यांची कविता मला स्वतःला त्यांच्या गद्याच्या मानाने फिकी वाटते. जी उणीव राहिली ती भरून काढण्याचे काम पुढे १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे ह्यांच्या ‘आनंद’ मासिकाने हाती घेतले, आणि तेव्हापासून मराठी मुलांच्या वाचनात मनोरंजनाला मानाचे स्थान मिळाले. तरीही आपटे ज्या जमिनीवर उभे राहिले ती ओकांनी पाव शतक मशागत करून तयार केलेली होती.

‘बालबोधा’च्या सर्व अंकांची विषयवार सूची तयार करणे आणि त्यांतील निवडक चरित्रांची व शास्त्रीय लेखांची एक चांगली आवृत्ती काढणे, हे काम आपल्या साहित्यसंस्थांनी आणि विद्यापीठांतील मराठी विभागांनी आता अंगावर घ्यावे. ज्या वाचकांच्या जुन्या घरी माळ्यावर ह्या मासिकाचे बांधीव खंड पडून असतील, त्यांनी ते रद्दीत न घालता जवळच्या ग्रंथसंग्रहालयाच्या स्वाधीन करावेत, अशी माझी त्यांना विनंती आहे.