सरावनोंद (धावणे)

सरावनोंद म्हणजे धावपटूने आपल्या रोजच्या सरावाची ठेवलेली तारीखवार नोंद. त्या दिवशी किती अंतर धावले, किती वेळ लागला, रस्ता कसा होता, हवा कशी होती आणि शरीराला काय जाणवले, एवढा मजकूर तिच्यात साधारणपणे असतो. मुळात ही नोंद धावपटू आणि त्याचा प्रशिक्षक यांच्यापुरती असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धावणे हा सामान्य माणसाचाही छंद झाला. तेव्हापासून हौशी धावपटू आपली नोंद इतरांना दाखवू लागले, दुसऱ्यांची वाचू लागले आणि एकमेकांना हुरूप देऊ लागले.

हौशी धावपटूला बहुधा प्रशिक्षक नसतो, पारितोषिकाची आशा नसते, आणि पहाटे उठण्याची सक्तीही कोणी करत नाही. अशा वेळी आपली नोंद कोणीतरी वाचणार आहे ही जाणीव प्रशिक्षकाची उणीव काही अंशी भरून काढते. मात्र याच जाणिवेमुळे दुखऱ्या पायानेही धावण्याचा मोह होतो, असा अनेकांचा अनुभव आहे.

नोंदीचे स्वरूप

अंतर आणि वेळ यांवरून ‘पेस’, म्हणजे एक किलोमीटर धावण्यास लागलेला वेळ, काढला जातो. दहा किलोमीटरला ६५ मिनिटे लागली, तर पेस किलोमीटरला साडेसहा मिनिटे होतो. सरावाचा प्रकारही लिहिण्याची पद्धत आहे. सहज गतीची धाव (इझी रन), आठवड्यातून एकदाची लांब पल्ल्याची धाव (लाँग रन), मधे विश्रांती घेत केलेल्या वेगवान फेऱ्या (इंटरव्हल) आणि निव्वळ विश्रांतीचा दिवस हे त्यांतील नेहमीचे प्रकार होत. नवशिके विश्रांतीचा दिवस बहुधा लिहीत नाहीत. अनुभवी धावपटू तो आवर्जून लिहितात, कारण दुखणे कशाने आले याचा शोध घेताना विश्रांती कधी चुकली हेच आधी पाहावे लागते.

आकड्यांइतकेच महत्त्व ‘कसे वाटले’ या रकान्याला आहे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी श्रमाची जाणीव आकड्यांत मांडण्यासाठी ६ ते २० अशी मोजपट्टी तयार केली. पुढे अमेरिकेतील कार्ल फॉस्टर यांनी शून्य ते दहा या पट्टीवरचा श्रमाचा आकडा आणि सरावाची मिनिटे यांचा गुणाकार करून त्या दिवसाचा ‘भार’ काढण्याची सोपी रीत रूढ केली. साठ मिनिटे सावकाश धावून श्रम ४ वाटले, तर भार २४० होतो. तीस मिनिटे जोरात धावून श्रम ८ वाटले, तरी तो २४०च येतो. अंतराच्या रकान्यात हे दोन दिवस अगदी वेगळे दिसतात. केवळ किलोमीटर मोजणारा धावपटू इथेच फसतो.

इतिहास

हौशी धावण्याच्या चळवळीचा उगम न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरात झाला. पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग या दोन शिष्यांनी १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदके मिळवल्यावर प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांचे नाव जगभर झाले. त्यांचे स्पर्धक आठवड्याला शंभर मैलांच्या आसपास धावत. लिडियार्ड यांनी तीच पद्धत, अंतर आणि वेग पुष्कळ कमी करून, मध्यमवयीन नागरिकांना आणि हृदयविकारातून उठलेल्या लोकांनाही शिकवली. सोबत्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने धावायचे, हा त्यांचा दंडक होता. धाप लागून बोलणे थांबले की वेग जास्त झाला असे समजावे. या कसोटीमुळे गटाने धावणे ही केवळ हौस न राहता सरावाचे मापच बनले.

१९६२च्या अखेरीस अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बोवरमन ऑकलंडला गेले होते. तेथील एका धावेत, सत्तरी ओलांडलेल्या आणि हृदयविकाराचे झटके येऊन गेलेल्या एका गृहस्थांच्या बरोबरीने धावताना पन्नाशीतील बोवरमन यांची दमछाक झाली. मायदेशी परतल्यावर १९६३ मध्ये त्यांनी युजीन शहरातील नागरिकांसाठी सावकाश धावण्याचे वर्ग सुरू केले. हृदयरोगतज्ज्ञ डब्ल्यू. ई. हॅरिस यांच्यासह त्यांनी लिहिलेले ‘जॉगिंग’ हे पुस्तक १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांचे ‘एरोबिक्स’ आले. कूपर यांनी प्रत्येक व्यायामाला गुण ठरवून दिले आणि आठवड्याला ३० गुण हे उद्दिष्ट सांगितले. व्यायामाचा हिशेब ठेवण्याची सवय खेळाडू नसलेल्या माणसाला लावण्यात या गुणपद्धतीचा वाटा मोठा आहे.

नोंदी एकमेकांपर्यंत पोहोचवण्याचे साधन त्याआधीच तयार होत होते. ब्राउनिंग रॉस या अमेरिकी धावपटूने १९५६ मध्ये ‘लाँग डिस्टन्स लॉग’ हे छोटेखानी मासिक सुरू केले. विखुरलेल्या, संख्येने अगदी थोड्या असलेल्या लांब पल्ल्याच्या धावपटूंना आपल्यासारखे आणखी कोणी आहेत हे त्यातील शर्यतींच्या निकालांवरून कळू लागले. रॉस यांच्याच पुढाकाराने १९५८ मध्ये धावपटूंच्या मंडळांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली.

नवशिक्यांसाठी सर्वाधिक वापरली गेलेली योजना १९९६ मध्ये जॉश क्लार्क या अमेरिकी तरुणाने आखली. ‘काउच टू फाइव्ह-के’, म्हणजे सोफ्यावरून उठून पाच किलोमीटरपर्यंत, असे तिचे नाव आहे. पन्नाशीतील आपल्या आईला धावता यावे, हा तिचा मूळ हेतू होता. आठवड्यातून तीन दिवस, एक मिनिट धावणे आणि दीड मिनिट चालणे अशा आवर्तनांनी सुरुवात करून नऊ आठवड्यांत सलग अर्धा तास धावण्यापर्यंत ती नेते. सर्वांचा ‘पहिला आठवडा, दुसरा दिवस’ सारखाच असल्याने अनोळखी माणसांनाही एकमेकांच्या नोंदी ताबडतोब समजतात, आणि पुढे गेलेला मागच्याला धीर देऊ शकतो. या योजनेचा प्रसार तोंडोतोंडी इतका का झाला, याचे उत्तर बहुधा यातच आहे.

उपकरणे

फिनलंडच्या पोलार कंपनीने १९८२ मध्ये हृदयाचे ठोके बिनतारी मोजणारे घड्याळ बाजारात आणले. मे २००० मध्ये अमेरिकेने उपग्रहीय स्थाननिश्चितीच्या नागरी संकेतांत मुद्दाम ठेवलेली अचूकतेची मर्यादा काढून टाकली आणि २००३ मध्ये गार्मिनचे धावपटूंसाठीचे पहिले जीपीएस घड्याळ आले. तोवर अंतर मोजण्यासाठी मैदानाच्या फेऱ्या मोजाव्या लागत किंवा रस्ता दुचाकीवरून मापावा लागे. २००९ मध्ये सुरू झालेल्या स्ट्राव्हा या सेवेने नोंद आपोआप इतरांपुढे मांडण्याची सोय केली. स्वीडिश भाषेतील ‘झटणे’ या अर्थाच्या शब्दावरून तिचे नाव घेतले आहे. दुसऱ्याच्या धावेला दिलेल्या पसंतीस तेथे ‘कुडोस’ म्हणतात. मराठीतला ‘शाबासकी’ हा शब्द त्याला अगदी जुळतो.

या घड्याळांचे आकडे मात्र निर्विवाद नसतात. उंच इमारतींवर आदळून येणाऱ्या संकेतांमुळे दाट वस्तीत अंतर चुकते आणि न धावलेले मीटर नोंदीत जमा होतात.

परस्पर प्रभावाचा अभ्यास

मित्राची नोंद पाहून माणूस खरोखर अधिक धावतो का, हे ठरवणे वाटते तितके सोपे नाही. धावणारी माणसे धावणाऱ्यांशीच मैत्री करतात, त्यामुळे दोघांचे आकडे सोबत वाढले तरी एकामुळे दुसरा वाढला असे म्हणता येत नाही. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील सिनान अराल आणि क्रिस्टोस निकोलाइड्स यांनी या अडचणीतून हवामानाच्या साहाय्याने वाट काढली. त्यांच्यापुढे सुमारे ११ लाख धावपटूंच्या पाच वर्षांतील ३५ कोटी किलोमीटरांच्या नोंदी होत्या. एका शहरात पाऊस पडला की तेथील मित्र कमी धावतो. दुसऱ्या शहरात त्या दिवशी हवा चांगली असूनही त्याच्या सोबत्याचे धावणे घटले, तर तो प्रभाव मित्राच्या नोंदीचा मानता येतो.

२०१७ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, मित्र एक किलोमीटर जास्त धावल्यास व्यक्ती त्याच दिवशी सुमारे ०.३ किलोमीटर जास्त धावते, आणि मित्र दहा मिनिटे अधिक धावल्यास सुमारे तीन मिनिटे अधिक धावते. कमी धावणाऱ्यांचा प्रभाव अधिक धावणाऱ्यांवर पडतो, उलट दिशेने मात्र तो तितका दिसत नाही. मागचा जवळ येत असल्याची धास्ती पुढच्याला पळवते, असा याचा अर्थ लावला जातो. पुरुषांवर स्त्री-पुरुष दोघांचाही प्रभाव आढळला, स्त्रियांवर मात्र केवळ स्त्रियांचा. हे सर्व लोक आधीच उपकरण बांधून धावणारे होते, तेव्हा घराबाहेरच न पडणाऱ्या माणसाला हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

अखंड धावणे आणि दुखापती

एकही दिवस न चुकता धावण्याच्या व्रताला ‘स्ट्रीक’ म्हणतात. रोज किमान एक मैल (१.६ किमी) ही त्याची प्रचलित अट आहे. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९७०ची बोस्टन मॅरेथॉन जिंकणारे इंग्लिश धावपटू रॉन हिल. डिसेंबर १९६४ पासून जानेवारी २०१७ पर्यंत, ५२ वर्षे ३९ दिवस, ते रोज धावले. मोटार अपघातात छातीचे हाड मोडल्यावर आणि पायाच्या शस्त्रक्रियेनंतर कुबड्या घेऊनही त्यांनी तो मैल पुरा केला. अखेर धावताना छातीत दुखू लागल्याने त्यांनी खंड पाडला. हिल यांची चिकाटी असामान्य होती, पण तिचे अनुकरण शहाणपणाचे नाही. नडगी, पोटरी, टाच आणि गुडघा यांची धावण्यातून होणारी दुखणी बहुतांशी विश्रांतीवाचून वाढत जातात.

आठवड्याचे अंतर दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये, हा नियम धावपटू एकमेकांना नेहमी सांगतात. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथे ५३२ नवशिक्यांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या नियमाने चाललेल्या गटात २०.८ टक्के, तर नेहमीची, कमी आठवड्यांची योजना पाळणाऱ्या गटात २०.३ टक्के लोकांना दुखापत झाली. म्हणजे फरक आढळला नाही. २०२५ मध्ये ५,२०० हून अधिक धावपटूंच्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासात वेगळी गोष्ट पुढे आली. गेल्या तीस दिवसांतील सर्वांत लांब धावेपेक्षा एखादी धाव दहा टक्क्यांहून अधिक लांबली, तर दुखापतीची शक्यता वाढते. याचा व्यवहारातील अर्थ असा की आठवड्याच्या बेरजेपेक्षा एकाच दिवशीची उडी अधिक घातक ठरते. सोबत्याने रविवारी २१ किलोमीटर केल्याचे वाचून दुसऱ्याने १२ वरून थेट तेथे जाण्याचा प्रयत्न करणे हे अशा उडीचे नेहमीचे उदाहरण होय.

तुलनेचा जाच कमी करण्याचे प्रयत्नही झाले आहेत. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २ ऑक्टोबर २००४ रोजी १३ धावपटूंनिशी सुरू झालेल्या आणि आता अनेक देशांत दर शनिवारी भरणाऱ्या पाच किलोमीटरच्या ‘पार्करन’ने २०२४ मध्ये वेगवान धावपटूंच्या याद्या आणि मार्गावरील विक्रम आपल्या प्रसिद्धीतून काढून टाकले. सावकाश धावणारे त्यामुळे बिचकतात, असे आयोजकांचे म्हणणे होते. वेगवान धावपटूंनी या निर्णयाला जोरदार विरोध केला.

महाराष्ट्रात

पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून होत असली, तरी राज्यात हौशी धावपटूंचे गट फोफावले ते मुख्यतः २००४ मध्ये मुंबई मॅरेथॉन सुरू झाल्यानंतर. ही शर्यत जानेवारीत असल्याने लांब पल्ल्याचा सराव पावसाळ्यात सुरू होतो आणि वर्षाचे वेळापत्रकच तिच्याभोवती फिरते. मुंबईत मरीन ड्राइव्ह व शिवाजी पार्क, ठाण्यात येऊर, पुण्यात वेताळ टेकडी आणि सिंहगडाचा रस्ता ही सरावाची परिचित ठिकाणे आहेत. २०१२ पासून होणाऱ्या सातारा हिल अर्धमॅरेथॉनमुळे यवतेश्वरच्या घाटातील चढाचा सरावही नोंदींत दिसू लागला.

येथील देवाणघेवाण प्रामुख्याने व्हॉट्सॲपवरील गटांतून चालते. पहाटेची धाव संपताच घड्याळाच्या पडद्याचे चित्र, अंतर आणि पेस टाकण्याचा आणि त्यावर ‘मस्त’, ‘जबरदस्त’ असे लिहिण्याचा परिपाठ आहे. मुंबईच्या दमट हवेत पुण्याच्या थंडीतला पेस राखता येत नाही. म्हणून दोन शहरांतील सोबत्यांच्या आकड्यांची तुलना करताना तापमान आणि चढ हे रकाने पाहणे आवश्यक ठरते. मे महिन्यातील नोंद जानेवारीच्या नोंदीशी ताडून निराश होणारे नवशिके दर वर्षी आढळतात.

खासगीपणा

नोंदीतील नकाशावरून धावपटूचे घर, त्याची वेळ आणि तो एकटा असतो का, हे कोणालाही कळू शकते. पहाटे अंधारात धावणाऱ्या स्त्रियांसाठी हा प्रश्न विशेष गंभीर आहे. जानेवारी २०१८ मध्ये, स्ट्राव्हाने प्रसिद्ध केलेल्या जगभरच्या धावमार्गांच्या एकत्रित नकाशावर युद्धग्रस्त प्रदेशांतील लष्करी तळांच्या रूपरेषा दिसत असल्याचे ऑस्ट्रेलियातील एका विद्यार्थ्याने दाखवून दिले. निर्जन वाळवंटात केवळ तेथील सैनिकच घड्याळ बांधून धावत असल्याने त्यांचे मार्ग उठून दिसत होते. बहुतेक सेवांत आता घराभोवतीचा काही मीटरांचा भाग नकाशातून वगळण्याची आणि नोंद केवळ ओळखीच्यांनाच दाखवण्याची सोय आहे. ती अनेकदा वापरणाऱ्याने स्वतः सुरू करावी लागते. नोंद उशिराने टाकणे, आणि चित्रात नकाशा न घेता फक्त अंतर व वेळ दाखवणे, हे उपाय कोणत्याही सोयीवाचून करता येतात.