स्नेक नदीचीं कुरणें

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं वायोमिंग हें एक विस्तीर्ण, पण विरळ वस्तीचें संस्थान. त्याच्या वायव्य कोपऱ्यांत टीटन नांवाची पर्वतरांग आहे. मोठा पर्वत म्हटला म्हणजे त्याच्या पायथ्याशीं टेंकड्यांच्या पायऱ्या असावयाच्या, हा नेहमींचा अनुभव. परंतु टीटनला अशा पायऱ्या नाहींत. सपाट मैदानांतून ही रांग भिंतीसारखी एकदम उभी राहते. तिचें सर्वोच्च शिखर १३,७७५ फूट उंच असून मैदानापासून तें जवळजवळ ७,००० फूट वर जातें. या भिंतीच्या पूर्वेस पसरलेल्या लांबट खोऱ्याला जॅक्सन होल म्हणतात. बीव्हरच्या कातड्यांसाठीं रानोमाळ हिंडणारे जुने शिकारी चोहों बाजूंनीं डोंगरांनीं वेढलेल्या खोऱ्याला 'होल' म्हणत, आणि जॅक्सन हा त्यांच्यांतलाच एक होता. खोऱ्याच्या मधून स्नेक नदी आपल्या नांवाला साजेल अशीं वळणें घेत वाहते. तिच्या कांठीं कॉटनवुडचीं झाडें, ओलीचें गवत आणि एल्क जातीच्या मोठ्या हरणांचे कळप, अशी ही भूमि आहे.

गोऱ्या लोकांच्या पूर्वीं शोशोनी आदि मूळच्या जमाती येथें उन्हाळ्यांत शिकारीला व कंदमुळें गोळा करण्याला येत. पुढें या खोऱ्याच्या मालकीवरून जो मोठा वाद माजला, त्यांत त्यांचें मत कोणी विचारलें नाहीं, हेंहि येथेंच नमूद करून ठेविलेलें बरें.

कायमची वसाहत १८८४ च्या सुमारास सुरू झाली. १८६२ च्या कायद्याप्रमाणें, सरकारी जमिनीवर पांच वर्षें राहून ती कसणाऱ्यास १६० एकर जमीन जवळजवळ फुकट मिळे. परंतु सहा हजार फुटांहून अधिक उंचीवरील या खोऱ्यांत १६० एकरांवर धान्याची शेती होणें कठीण. कारण येथें उन्हाळा अल्प, धुकें व हिंव केव्हां पडेल त्याचा नेम नाहीं, आणि बर्फ तर सहा-सहा महिने हटत नाहीं. म्हणून वसाहतवाल्यांनीं गुरें पाळलीं. उन्हाळ्यांत गुरें डोंगरांतल्या सरकारी रानांत चरावयास सोडावयाचीं आणि त्या अवधींत नदीकांठचें गवत कापून, वाळवून, गंजी रचून हिंवाळ्याची बेगमी करावयाची, असा हा धंदा होता. ज्याच्याजवळ नदीकांठचें कुरण नाहीं, त्याची गुरें हिंवाळ्यांत जगणें शक्य नव्हतें. गायरान हा शब्द या कुरणांना लागू पडत नाहीं. गायरान गांवाचें असतें. हीं कुरणें एकेकट्या माणसाच्या नांवावर चढलेलीं होतीं, आणि पुढच्या साऱ्या कलहाचें मूळ याच गोष्टींत आहे.

याच सुमारास एक दुसराहि धंदा तेथें उभा राहिला. पूर्वेकडच्या शहरांतील हौशी लोक उन्हाळ्यांत येत, पैसे देऊन एखाद्या गुरांच्या वाडीवर उतरत, घोड्यावर बसत, नदींत मासे धरीत. अशा पाहुण्यांना 'ड्यूड' म्हणत आणि त्यांना उतरवून घेणाऱ्या वाडीला 'ड्यूड रँच'. लेखक स्ट्रदर्स बर्ट व डॉ. कार्नक्रॉस यांनीं १९१२ सालीं नदीकांठीं काढलेली बार बी सी ही वाडी यांत प्रसिद्ध होती. लोकांना मोकळें रान हवें असतें, आणि त्यासाठीं ते दाम मोजतात, हा धडा जॅक्सन होलच्या लोकांनीं असा सरकारच्या आधीं घेतला होता.

परंतु मोकळें रान मोकळें राहीना. शेजारच्या आयडाहो संस्थानांतील शेतीला पाणी पुरविण्यासाठीं जॅक्सन सरोवरावर धरण झालें. १९१० सालीं तें फुटलें, आणि पुढें अधिक उंच करून पुन्हा बांधण्यांत आलें. पाणी चढलें तसा कांठचा वृक्षसमूह बुडून मेला, आणि त्या वठलेल्या खोडांची ओंगळ रांग वर्षानुवर्षें सरोवराभोंवतीं उभी राहिली. तें दृश्य ज्यांनीं पाहिलें, त्यांना इतर सरोवरांविषयीं धास्ती वाटूं लागली. अशा कांहीं मंडळींची बैठक २६ जुलै १९२३ रोजीं मॉड नोबल या बाईंच्या लांकडी घरांत भरली. हें घर स्नेक नदीच्या उतारावर होतें. बिल मेनर नांवाच्या वसाहतवाल्यानें १८९४ मध्यें सुरू केलेली तर त्या काळीं बाईंच्याच ताब्यांत होती. बैठकीला यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचे अधिकारी होरेस ऑलब्राइट मुद्दाम बोलाविलेले होते. एखादा धनिक गांठावा, खाजगी जमिनी विकत घ्याव्या, आणि गुरें, घोडे, शिकार हें सारें जुनें जीवन राखून खोरें सर्व लोकांच्या विहारासाठीं मोकळें ठेवावें, असा विचार तेथें निघाला. उद्यान-खात्याच्या कडक नियमांखालीं जावें, अशी मात्र त्यांतल्या बहुतेकांची इच्छा नव्हती.

दोन वर्षांनीं जें घडलें, तें अधिक लक्षांत ठेवण्याजोगें आहे. पहिल्या महायुद्धानंतर गुरांच्या किंमती कोसळल्या आणि पुष्कळ वाड्या कर्जांत बुडाल्या. १९२५ सालीं पिअर्स कनिंगहॅम आणि साय फेरिन या दोन जुन्या गुरेवाल्यांनीं एक अर्ज फिरविला. आमच्या जमिनी योग्य किंमतीनें घ्या आणि हें खोरें राष्ट्राच्या विहारासाठीं राखा, असा त्याचा आशय होता. आणि त्यावर ९७ जमीनमालकांनीं सह्या केल्या. "सरकारनें गरीब शेतकऱ्याची जमीन हिरावली" ही जी ओरड पुढें झाली, तिच्या शेजारीं हा अर्ज ठेवून पाहावा.

१९२६ च्या उन्हाळ्यांत ऑलब्राइट यांनीं जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांना सहकुटुंब हें खोरें दाखविलें. पर्वताच्या ऐन पायथ्याशीं तारांचे खांब, पेट्रोलचे पंप, नाचघरें आणि पडक्या झोंपड्या पाहून ते खिन्न झाले. या जमिनी घेण्याचा त्यांनीं निश्चय केला. मात्र रॉकफेलरचें नांव निघतांच भाव दसपट होतील, हें ओळखून १९२७ मध्यें 'स्नेक रिव्हर लँड कंपनी' या साध्या नांवाखालीं खरेदी सुरू झाली. खरेदी करणारा माणूस होता जॅक्सन गांवचा बँकवाला रॉबर्ट मिलर. पैसा कोणाचा आणि हेतु काय, याचा त्यालाहि पत्ता नव्हता. आणि गंमत ही कीं उद्यान-खात्याचा तो उघड विरोधक होता. याच वर्षीं राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनीं तेथील सरकारी जमिनींवर नवी वसाहत बंद केली. १९२९ मध्यें त्यांनींच ग्रँड टीटन राष्ट्रीय उद्यान स्थापलें. पण त्यांत शिखरें आणि पायथ्याचीं कांहीं सरोवरें एवढींच होतीं. नदी आणि तिचीं कुरणें बाहेरच राहिलीं. वास्तविक एल्क हरणें हिंवाळ्यांत शिखरांवर राहत नाहींत. तीं खालीं गवतांत उतरतात. तेव्हां हें उद्यान म्हणजे कळसावांचून पाया नव्हे, तर पायावांचून कळस होता.

१९३० सालीं गुपित फुटलें. कंपनीनें लोकांना छळून, धमकावून जमिनी घेतल्या, असा आरोप झाला आणि १९३३ मध्यें सिनेटच्या उपसमितीनें जॅक्सन गांवीं बसून चौकशी केली. गैरप्रकार म्हणण्याजोगें कांहीं विशेष निष्पन्न झालें नाहीं. एकंदर ३५,००० एकरांहून अधिक जमिनीला सुमारें १४ लक्ष डॉलर दिले गेले होते, आणि मंदीच्या त्या काळांत ही किंमत हलकी म्हणतां येणार नाहीं. तथापि गुप्ततेनें पैसा वांचला खरा, पण विश्वास गेला. जो सौदा लोकांनीं स्वतःच मागितला होता, तोच अंधारांत झाल्यामुळें कटासारखा दिसूं लागला. शिवाय एक रोकडा प्रश्न होता. जमीन सरकारजमा झाली म्हणजे तिच्यावरील कर बुडणार, आणि त्या करावर तर टीटन तालुक्याच्या शाळा व रस्ते चालत. या प्रश्नाला कोणीहि समाधानकारक उत्तर देईना, आणि रॉकफेलर हे जमीन फुकट देऊं करीत असतांहि सरकारला ती घेतां येईना. तेच वर्षानुवर्षें कर भरीत राहिले.

अखेर १९४२ सालीं त्यांनीं कळविलें कीं, सरकारला दान नको असेल तर जमीन विकून टाकावी लागेल. त्यावर १५ मार्च १९४३ रोजीं राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनीं काँग्रेसला वगळून, केवळ जाहीरनाम्यानें, २,२१,००० एकरांवर 'जॅक्सन होल राष्ट्रीय स्मारक' घोषित केलें. चालू चराईचे परवाने पाळले जातील, असें आश्वासन मिळालें होतें. पण ऐकून घेण्याच्या मनःस्थितींत कोणी नव्हतें. मे महिन्यांत गुरेवाल्यांनीं पांचशेंहून अधिक गुरें परवानगी न घेतां स्मारकाच्या हद्दींतून हांकीत नेलीं. पुढें बंदुका घेतलेले घोडेस्वार होते आणि त्यांत चित्रपटांतला प्रसिद्ध नट वॉलेस बीअरी हाहि होता. त्यांना कोणीहि अडविलें नाहीं. अडविलें असतें तर बातमी अधिकच रंगली असती. प्रतिनिधि बॅरेट यांचें स्मारक रद्द करण्याचें बिल १९४४ मध्यें दोन्ही सभागृहांत पसार झालें, तें रूझवेल्टनीं सही न करतां पडूं दिलें. वायोमिंग संस्थानानें फिर्याद केली. ती १९४५ मध्यें निकालांत निघाली. काँग्रेसनें मग स्मारकाच्या खर्चाला पैसा देण्याचें नाकारलें. जमीन सरकारची, पण तिच्यावर पहारा ठेवण्यास दमडी नाहीं, अशी विचित्र अवस्था कांहीं वर्षें चालली.

महायुद्ध संपलें, मोटारी पुन्हा रस्त्यांवर आल्या, प्रवासी वाढले, आणि विरोधाची धार बोथट होत गेली. गुरांपेक्षां पाहुण्यांवर अधिक मिळतें, हें जॅक्सनच्या दुकानदारांना कळूं लागलें. १६ डिसेंबर १९४९ रोजीं रॉकफेलर यांचें दान अखेर स्वीकारलें गेलें, आणि १४ सप्टेंबर १९५० रोजीं राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनीं स्मारक व जुनें उद्यान एकत्र करणाऱ्या कायद्यावर सही केली. नव्या उद्यानाचें क्षेत्र सुमारें ३,१०,००० एकर झालें.

या कायद्यांतील तडजोडी बारकाईनें पाहण्यासारख्या आहेत. बुडालेल्या कराची भरपाई सरकार वीस वर्षें, दर वर्षीं थोडी थोडी कमी करीत, तालुक्याला देईल असें ठरलें. एल्कची संख्या फार वाढली तर परवानेधारक शिकाऱ्यांना तात्पुरते वनरक्षक नेमून ती कमी करावयाची, असा मजेदार तोडगा निघाला. यापुढें वायोमिंगमध्यें काँग्रेसच्या संमतीवांचून राष्ट्राध्यक्षांनीं नवें स्मारक घोषित करूं नये, असें बंधन आलें. गुरेवाल्यांना चराईचा हक्क मिळाला तो एकदम तोडून टाकण्याजोगा नव्हे: ठराविक मुदत, आणि त्यापुढें धारक व त्याचे निकटचे वारस हयात असेपर्यंत. म्हणजे कुरण लोकांचें झालें, पण त्यावरचीं गुरें एका पिढीच्या गतीनेंच कमी व्हावयाचीं होतीं.

पुढें नदीच्या पूर्व बाजूनें मोठा रस्ता झाला, १९५५ मध्यें जॅक्सन सरोवराजवळ रॉकफेलर यांनीं बांधलेलें मोठें विश्रामगृह उघडलें, आणि पूर्वीं जेथें वाडीवाल्यांचीं कुंपणें होतीं, त्या कांठांवरून हजारों लोक नावेंत बसून नदी पाहूं लागले. या सोयींची किंमतहि पडली. जमीन पूर्ववत् दिसावी या हौसेपायीं वसाहतवाल्यांचीं असंख्य घरें व गोठे पाडण्यांत आले. कनिंगहॅमची मातीच्या छपराची झोंपडी आणि मॉर्मन रो येथील कांहीं कोठारें वांचलीं, आणि आज प्रवासी छायाचित्रें काढतात तीं याच कोठारांचीं. शिखरें राखतांना माणसांच्या श्रमाच्या खुणा पुसणें ही त्या काळच्या अधिकाऱ्यांची उणीव म्हटली पाहिजे.

१९४३ च्या त्या घोडेस्वारांत क्लिफर्ड हॅन्सन नांवाचा एक तरुण गुरेवाला होता. तो पुढें वायोमिंगचा राज्यपाल आणि नंतर सिनेटर झाला. आणि आपण त्या लढाईंत हरलों हें बरेंच झालें, असें त्यानें पुढें मोकळेपणानें कबूल केलें.

परंतु खरी गांठ १९९० नंतर बसली. चराईच्या जुन्या हक्कांचे शेवटचे वारस एकामागून एक निघून जाऊं लागले, आणि तेव्हां उद्यानाच्या चाहत्यांच्या लक्षांत आलें कीं, उन्हाळ्याची चराई बंद झाली तर उद्यानाबाहेरच्या वाड्या टिकणार नाहींत. आणि वाड्या मोडल्या म्हणजे त्यांच्या कुरणांवर धनिकांचे बंगले उठतील, एल्कच्या वाटा बंद होतील. ज्या गुरांना उद्यानाचा शत्रु समजण्यांत आलें होतें, तींच आतां मोकळ्या जमिनीचीं राखणदार ठरलीं. म्हणून १९९७ सालीं काँग्रेसनें कायदा करून, या प्रश्नाचा अभ्यास होईपर्यंत, ते परवाने चालू ठेविले. त्याच्याहि आधीं, १९८० मध्यें, स्थानिक लोकांनीं जॅक्सन होल लँड ट्रस्ट हा न्यास काढला होता. वाडी मालकाचीच राहावयाची, गुरेंहि त्याचींच. फक्त तेथें बांधकाम करण्याचा हक्क त्यानें कायमचा सोडून द्यावयाचा, ही त्याची रीत. रॉकफेलर घराण्यानें फेल्प्स सरोवराजवळची आपली स्वतःची जे वाय वाडी, सुमारें १,१०० एकरांची, २००७ मध्यें उद्यानाला दिली, ती मात्र संपूर्ण. तेथें पायवाटा पुष्कळ आहेत, पण मोटारींसाठीं जागा मुद्दामच थोडी ठेविली आहे.

उद्यानाच्या हद्दींत वायोमिंग संस्थानाच्या मालकीचे कांहीं तुकडे उरले होते. शाळांच्या उत्पन्नासाठीं राखलेल्या त्या जमिनी. त्यांतून अधिकांत अधिक पैसा काढणें हें संस्थानाचें कायदेशीर कर्तव्य. केली गांवाजवळचा ६४० एकरांचा असा एक तुकडा जाहीर लिलावानें विकण्याचा प्रस्ताव २०२३ सालीं पुढें आला आणि तेथें बंगले उठण्याच्या भीतीनें लोकांनीं मोठा विरोध केला. २०२४ च्या डिसेंबरांत तो तुकडा १० कोटि डॉलरांना उद्यानासाठीं घेण्यांत आला. त्यांपैकीं ३ कोटि ७६ लक्ष डॉलर देणगीदारांनीं दिले. एकरीं भाव दीड लक्ष डॉलरांहून अधिक पडला. स्नेक रिव्हर लँड कंपनीनें पाऊण शतकाहूनहि पूर्वीं घेतलेल्या कुरणांचा भाव एकरीं सुमारें ४० डॉलर होता.