पडून राहा गं

माझ्या भाचीला दिवाळीनंतर मल्टिपल स्क्लेरोसिस निघाला. वय 31. भेटायला येणारी प्रत्येक बाई सांगून जायची, "आता हलू नको गं, पडून राहा." मीही तेच म्हणाले होते, खोटं कशाला सांगू?

हा सल्ला आला कुठून, ते शोधता शोधता मी 1890 सालात पोचले. पॅरिसच्या शार्को यांनी 1868 मध्ये या आजाराचं स्वतंत्र रूप मांडलं होतं. पुढे विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रवैद्यांनी 100 रुग्ण तपासले. त्यांतल्या चौघांना श्रमांनंतर अंधुक दिसायचं. विसावा घेतला की नजर पूर्ववत. उथॉफ यांनी बोट ठेवलं श्रमांवर. चौघांवरून! खरी गोष्ट उष्णतेची होती, हे कळायला बराच काळ गेला. या आजारात नसांवरचं आवरण झिजतं. अंग थोडं तापलं तरी तिथून संदेश नीट पुढे जात नाही, निवलं की पुन्हा जातो. नस त्याने आणखी बिघडत नाही. पण पुढे निदानासाठी रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का, ते बघायचे. वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

आणि व्यायाम नकोच, हा सल्ला कित्येक दशकं तसाच चालला. बसून बसून स्नायू गळायचे, तेही आजाराच्याच खात्यावर मांडलं जायचं.

1996 साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात पेटाजन आणि सहकाऱ्यांनी 54 रुग्णांचे दोन गट केले. एका गटाने 15 आठवडे, आठवड्यातून तीनदा, 40 मिनिटं हातापायांनी सायकलचं यंत्र फिरवलं. त्यांचा दम वाढला, हातापायांत बळ आलं, मधल्या आठवड्यांत थकवा आणि उदासीही कमी झाली. आजार गेला नाही. पण व्यायामाने वाढलाही नाही.

डॉक्टरांना विचारून भाची आता सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली चालते. मी बरोबर असते, पाण्याची बाटली आणि ओला नॅपकिन घेऊन. लक्षण दिवसभर टिकलं तर लगेच कळवा, असं डॉक्टरांनी बजावलंय. परवा तिसऱ्या फेरीला तिला अंधुक दिसायला लागलं. बाकावर बसवलं, मानेवर नॅपकिन ठेवला. माझीच छाती धडधडत होती. दहा मिनिटांनी डोळे चोळत म्हणाली, "मावशी, उथॉफ आले होते. गेले. चल, अर्धी फेरी राहिलीय."